लिंबायतचे घर

ऐतिहासिक वास्तू म्हटली की वाडे, गढ्या आणि देवालये डोळ्यांसमोर उभी राहतात. सुरत शहरात तर अशा वास्तूंची वाण नाही. तापीच्या काठचा जुना किल्ला, इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या घुमटदार कबरी, नाणावट-गोपीपुऱ्यातील लाकडी नक्षीच्या हवेल्या या सर्वांचा इतिहास लिहिला गेला आहे. परंतु त्याच शहरात, रेल्वेच्या रुळांपलीकडे, लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत हजारो लहान घरांच्या दाट रांगा उभ्या आहेत. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. कारण त्यांत कोणी राजा राहिला नाही, की कोणी व्यापारी. त्यांत राहिला तो खानदेशातून आलेला मराठी कामगार. या घरांच्या भिंती मात्र नीट वाचल्या, तर गेल्या अर्धशतकातील मराठी माणसाच्या स्थलांतराचा सारा वृत्तांत त्यांत सापडतो.

मराठ्यांचे नाव सुरतेला नवीन नव्हे. १६६४ आणि १६७० या साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वाऱ्या मराठी शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. त्या स्वाऱ्या आल्या आणि गेल्या. त्यानंतर तीनशे वर्षांनी जी मराठी माणसे सुरतेला आली, ती मात्र परत गेली नाहीत. ती घोड्यांवरून आली नाहीत. भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजर गाडीने आली, आणि येताना त्यांच्या काखेत वळकटी व हातात भाकरीचे गाठोडे होते.

हा मार्ग समजून घेतल्याशिवाय त्या घराचा पाया समजत नाही. १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सुरत हे बंदर खानदेशातील कापसाच्या मुलखाशी जोडले गेले. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही त्या वाटेवरची स्थानके. ही गाडी जवळजवळ तापी नदीच्या सोबतीने धावते. जी नदी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत येते, तीच पुढे सुरतेला समुद्राला मिळते. १९६० च्या १ मेपर्यंत खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी मध्ये राज्याची सीमा आली. परंतु गाडी पूर्वीप्रमाणेच धावत राहिली, आणि पोटासाठी निघालेल्या माणसाने त्या सीमेची फारशी दखल घेतली नाही.

खानदेशातून सुरतेला जाणारा हा ओघ १९७० नंतर फार वाढला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला विसरता येण्यासारखा नाही. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, आणि दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास शेतकरीही उभा राहिला. खुद्द खानदेशात अमळनेर, धुळे आणि जळगाव येथे कापडाच्या गिरण्या होत्या; पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक थंडावल्या. उलट सुरतेत त्याच वेळी कृत्रिम धाग्याच्या कापडाचा धंदा भरभराटीस येत होता. यंत्रमागांची ‘खाती’ गल्लोगल्ली निघत होती; रंगाई-छपाईच्या गिरण्या पांडेसरा-उधन्याकडे उभ्या राहत होत्या. १९६१ च्या जनगणनेत सुरतेची वस्ती सुमारे २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे ४४ लाख ६७ हजारांवर गेली. पन्नास वर्षांत पंधरा पटींहून अधिक वाढलेल्या या शहराला हात हवे होते, आणि ते हात ओरिसातील गंजामपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंत सगळीकडून आले. त्यांत सर्वांत जवळचे होते ते खानदेशचे.

ज्या घराचा इतिहास येथे सांगायचा आहे, ते कोणा एका कुटुंबाचे नव्हे. नाव-गाव बदलले तरी ज्याची कथा फारशी बदलत नाही, असे ते घर आहे.

त्याचा आरंभ घराने होत नाही, खोलीने होतो. पहिला आलेला तरुण आपल्या गावच्या कोणाच्या तरी आधाराने येतो. गावचाच माणूस त्याला खात्यात चिकटवून देतो आणि गावच्याच माणसांच्या खोलीत त्याची पथारी पडते. एका खोलीत आठ-दहा जण असतात. पाळी बारा तासांची. दिवसपाळीचे लोक कामावर गेले म्हणजे रातपाळीचे त्याच पथारीवर आडवे होतात. भाडे वाटून, स्वयंपाक वाटून आणि झोपसुद्धा वाटून घ्यायची. मागाचा खडखडाट कानात इतका भरलेला असतो, की पाळी संपल्यावरही माणसे मोठ्यानेच बोलतात. मजुरी मीटरवर, जेवढे कापड उतरेल तेवढे दाम. या कमाईतून उरेल ती रक्कम गावी जाते, आणि ‘घर’ हा शब्द त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडी गावच्या घरापुरताच असतो.

जगाच्या पाठीवर ही अवस्था पुष्कळ लोकांनी अनुभवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील डोंगराळ मुलखातून स्लोव्हाक शेतकरी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत गेले. तेही चार पैसे साठवून गावी परतण्याच्या इराद्याने गेले होते. खाणीच्या तोंडाशी कंपनीने लाकडी घरांच्या रांगा बांधलेल्या असत. त्यांतील एखाद्या घरात एक कुटुंब राही आणि त्याच घरात अनेक एकटे कामगार पैसे देऊन राहत. घरधनीण त्या सर्वांचे जेवण रांधी, त्यांचे कोळशाने काळे झालेले कपडे धुई, आणि त्या कष्टांवर कुटुंबाची शिल्लक साठे. परंतु घर कंपनीचे होते. संप झाला की नोकरीबरोबर छप्परही जाई आणि चूल रस्त्यावर येई. १८९७ च्या सप्टेंबरात लॅटिमर या खाणगावी निःशस्त्र संपकऱ्यांवर गोळीबार होऊन १९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्लोव्हाक बरेच होते. आपल्या आजाऱ्याला व विधवेला आधार असावा म्हणून या लोकांनी १८९० पासून परस्परसाहाय्याच्या संस्था काढल्या, आणि यथावकाश कंपनीच्या घरातून निघून स्वतःची घरे घेतली. पेनसिल्व्हेनियातील एकली नावाची एक खाणवस्ती पुढे तेथील राज्याने संग्रहालय म्हणून जतन केली. कामगाराचे घर हाही इतिहास आहे, हे तेथे मान्य झाले.

सुरतेत प्रकार उलटा झाला. येथे मालकाने घर काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. कारण मालकाने घर दिलेच नव्हते. मुंबईच्या गिरणगावात निदान चाळी होत्या. सुरतेच्या मागमालकाची जबाबदारी खात्याच्या दाराशी संपत असे. यास्तव कामगाराने आपले घर आपणच उभे करावयाचे, हे आरंभापासून ठरून गेले.

आणि खानदेशी माणसाने ते लवकर मनावर घेतले. गंजामचा कामगार बहुधा एकटा राही, कारण त्याचे गाव दीड-दोन दिवसांच्या वाटेवर. खानदेशचे गाव एका रात्रीच्या प्रवासावर. त्यामुळे थोडा जम बसताच तो बायकामुलांना घेऊन आला. जेथे गृहिणी आली, तेथे खोलीचे बिऱ्हाड झाले, आणि बिऱ्हाडाला स्वतःच्या जागेची ओढ लागली.

लिंबायत हे मूळचे एक गाव. शहर वाढत आले तसतशी त्याच्या आसपासची शेते प्लॉटांत वाटली गेली. १९७६ साली नागरी जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाल्यावर मोठ्या जमिनींचे रीतसर व्यवहार अडचणीत आले, आणि शेतजमीन बिनशेती न करताच तिचे लहान तुकडे स्टँपपेपरवर विकण्याची रीत फोफावली. बारा-पंधरा फूट रुंदीचा, मागे लांबट गेलेला असा एक तुकडा. हप्त्याहप्त्याने फेडावयाची किंमत. आणि हाती एक साक्षीदारांच्या सह्यांचा कागद. सरकारदप्तरी जमीन शेतकऱ्याचीच. अशा कागदावर आयुष्याची पुंजी ठेवण्यास धैर्य लागते. ती पुंजी कोठून आली, हे त्या घराच्या भिंतींना माहीत आहे. गृहिणीच्या गळ्यातील सोन्याचे मणी, भिशीचा नंबर, सावकाराचे व्याज आणि गावच्या जमिनीच्या उत्पन्नातला वाटा यांतून तो तुकडा उभा राहिला.

त्यावर पहिल्याने उभे राहिले ते अर्ध्या विटेच्या भिंतीचे आणि पत्र्याच्या छपराचे एक दालन. पुढच्या दोन-चार वर्षांत मागे मोरी आणि स्वयंपाकघर निघाले. थोरला मुलगा कामाला लागला त्या वर्षी पत्रा जाऊन स्लॅब पडला. स्लॅबवर लोखंडी सळया उभ्या सोडून दिल्या, कारण वरचा मजला कधी ना कधी चढवायचा होता. तो चढला, आणि त्यात राहावयास आले नवे तरुण, गावाहून नुकतेच आलेले. ज्याने स्वतः वाटणीची पथारी भोगली होती, तो आता घरमालक झाला. पेनसिल्व्हेनियातील त्या स्लोव्हाक गृहिणीप्रमाणे येथील गृहिणीनेही त्यांना दोन वेळचे जेवण घातले. दुपारी त्याच घराच्या ओट्यावर साड्यांचे गठ्ठे आले. साडीला लेस लावणे, टिकल्या चिकटवणे, धागे कातरणे ही कामे नगावर मिळत. अशा रीतीने त्या घराचे एक लहानसे खातेच झाले. पुरुषाची कमाई लोकांना दिसली. घर बांधून झाले ते मात्र पुष्कळ अंशी ओट्यावर बसून केलेल्या या कामावर.

या घराची दोनदा मोठी परीक्षा झाली. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली. वेड रोड, कतारगाम या कामगारवस्त्यांकडे तिचा रोख होता. तेथे मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहत. गणेशोत्सव नुकताच संपला होता. चार-सहा दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. स्थानकावर पाय ठेवण्यास जागा उरली नाही. खानदेशी कुटुंबांनीही दाराला कुलूप लावले आणि भुसावळची गाडी धरली. गावी पोचल्यावर त्यांना एक विलक्षण अनुभव आला. आपल्याच गावात लोक त्यांच्यापासून दूर उभे राहू लागले. ‘सुरतवाले आले,’ अशी कुजबूज झाली. ज्या गावाला ते अहोरात्र घर म्हणत होते, त्या गावाने त्यांना पाहुणे ठरवले होते, आणि तेही धास्ती वाटावी असे पाहुणे. साथ ओसरली, कुलपे उघडली, आणि सुरतेला परतलेल्या पुष्कळांनी तेव्हाच मनाशी काही निश्चित केले असावे. पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत सुरतेची जी साफसफाई झाली, तिची देशभर वाखाणणी झाली. गटारे, रस्ते आणि कचऱ्याची व्यवस्था या गोष्टी कामगारवस्त्यांपर्यंतही पोचू लागल्या.

दुसरी परीक्षा पाण्याची. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. तेच पाणी, तीच तापी, जी माहेरच्या गावावरून वाहत आलेली. याखेरीज लिंबायतला मिठी खाडीचा त्रास वेगळाच. जोराच्या पावसात ती फुगते आणि गल्ल्यांत शिरते. म्हणून या घरांचे ओटे दर काही वर्षांनी उंच होत गेले. रस्ता डांबराच्या थरांनी वर येतो, घर खाली जाते, मग घरधनी पुन्हा जोते उचलतो. जुन्या घरात शिरताना दोन पायऱ्या उतराव्या लागतात आणि शेजारच्या नव्या घरात दोन चढाव्या लागतात. या चार पायऱ्यांत तीस वर्षांचे अंतर असते.

आता त्या दुसऱ्या, गावच्या घराकडे वळले पाहिजे. खानदेशातील जुने घर धाब्याचे. लाकडी सऱ्यांवर काटक्या आणि वर मातीचा जाड थर, असे त्याचे छप्पर. उन्हाळ्यात ते थंडगार. परंतु त्याची एक अट असते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर चढून माती पसरावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात. ज्या घरात माणूस आहे, त्या घराचे धाबे शंभर वर्षे टिकते. ज्या दाराला कुलूप आहे, ते चार-पाच पावसाळ्यांत गळू लागते आणि मग एके रात्री बसते. सुरतेच्या घरावर स्लॅब चढत होता, त्याच काळात गावचे धाबे खचत होते. कोणी ते पाडले नाही. माती घालायला कोणी उरले नाही, एवढेच. मागाहून वाटणीचा प्रश्न निघाला, हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, आणि गावच्या उताऱ्यावरील एक नाव कमी झाले.

असे असूनही पुष्कळ वर्षे या कुटुंबाचे खरे घर कोणते, हा प्रश्न सुटलेला नव्हता. तो कोर्टकचेरीत सुटणारा नव्हताच. तो सोडवला कानबाईने. नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खानदेशात कानबाई मांडतात. नारळावर देवीचा मुखवटा आणि अलंकार चढवून तिची स्थापना होते, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घेतात. त्यांचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. कानबाई ज्या घरी मांडली जाते, ते साऱ्या भाऊबंदकीचे मूळ घर. नोकरीसाठी कोणी कोठेही गेला, तरी त्या दिवशी त्याने त्या घरी यावयाचे. यामुळे वर्षानुवर्षे श्रावणात सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरून जात असत.

मग एका वर्षी गावच्या घरात कानबाई मांडण्यास जागा उरली नाही, अथवा मांडणारे हात थकले. भाऊबंदांपैकी बहुतेक सुरतेतच होते. वडीलधाऱ्यांनी विचार केला, आणि देवीचा नारळ लिंबायतला आला. पत्र्याच्या दालनापासून वाढत गेलेल्या त्या घरात पाट मांडला गेला, गहू मोजले गेले, गल्लीभर अहिराणी गाणी घुमली, आणि सोमवारी तापीकडे मिरवणूक निघाली. नदी तीच होती. फक्त घाट बदलला होता. त्या रात्री सुरतेचे घर खऱ्या अर्थाने घर झाले. स्टँपपेपरला जे साधले नव्हते, ते त्या रोटांनी साधले. आज सुरतेत कानबाईचा उत्सव फार मोठ्या प्रमाणावर होतो. पाहणाऱ्याला तो केवळ एक सण दिसतो, परंतु प्रत्येक मांडवामागे गावाहून सुरतेला आलेला असा एक निर्णय आहे.

कागदाची बाजूही कालांतराने थोडी सावरली. जमीनधारणेचा कायदा गुजरातेत १९९९ साली रद्द झाला. विनापरवाना बांधकामे शुल्क भरून नियमित करून घेण्याची सोय राज्याने २०११ मध्ये केली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी ती घेतली. ज्यांच्या जमिनीचाच कागद कच्चा होता, त्यांची धाकधूक उरली. घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि मतदारयादीतील नाव हेच त्यांचे पुरावे. मतदारयादीतील नावालाही पुढे वजन आले. लिंबायत विधानसभा मतदारसंघातून २०१२ पासून संगीता पाटील या निवडून येत आहेत, आणि हा भाग ज्यात येतो त्या नवसारी लोकसभा मतदारसंघातून २००९ पासून सी. आर. पाटील हे जळगाव जिल्ह्यात जन्मलेले गृहस्थ निवडून येत आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी भाड्याच्या खोलीत पथारी वाटून घेतली, त्यांच्या मताला आता उमेदवार येऊन नमस्कार करतात.

त्या घरातील तिसरी पिढी मागावर जात नाही. आजी-आजोबांशी ती अहिराणीत बोलते, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली असेल तर वाचते मराठी, गल्लीत आणि दुकानात गुजराती आणि बाजारात हिंदी. चार भाषा एका उंबऱ्याच्या आत सुखाने नांदतात. या पिढीला मात्र ते घर अरुंद वाटते. गाडी लावायला जागा नाही, उजेड कमी, गल्लीत गोंगाट. नव्या वस्तीत फ्लॅट घ्यावा आणि हे घर विकावे, असा बेत घरोघर चालू असतो. त्यात गैर काही नाही. घरे माणसांसाठी असतात, माणसे घरांसाठी नव्हेत. आजोबांनीही धाब्याचे घर असेच मागे टाकले होते.

तथापि एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा. गावचे धाबे बसले तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळ काही मातीत गेले: ते घर कोणी बांधले, कोणत्या दुष्काळात त्याची तुळई विकावी लागली, कोणती लेक कोणत्या वर्षी त्या दारातून सासरी गेली. कोणी लिहून ठेवले नाही आणि आता सांगणारेही उरले नाहीत. लिंबायतच्या घराचे तसे होऊ नये. ते घर बांधणारी पहिली पिढी आता थकत चालली आहे. प्लॉटचा पहिला हप्ता कधी दिला, मणी कोणत्या वर्षी मोडले, स्लॅब पडला त्या दिवशी कोण कोण मदतीस आले, प्लेगच्या वर्षी कुलूप कोणी लावले आणि कोणी उघडले, हे तिला अजून आठवते. एकलीच्या खाणकामगारांची घरे जतन करण्यास एक राज्य पुढे आले. सुरतेच्या या घरांसाठी कोणी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत शाळेत जाणाऱ्या नातीने एक वही घ्यावी, आजीजवळ बसावे आणि साल विचारून एकेक गोष्ट टिपून ठेवावी. घर विकले गेले तरी मग ते हरवणार नाही.